तू लिहिलेलं पवनचं वय

"चलो, अब मंगलवार खाली हुआ."

घाटावर माझ्या मागं उभा असलेला माणूस शेजारच्याला म्हणाला. दुकानाचं शटर ओढताना कोणी बोलावं तसं सहज. मी वळून पाहिलं नाही. आवाज ओळखीचा होता. कलेक्टर ऑफिसात मंगळवारी लोकांच्या तक्रारी ऐकतात, त्या जनसुनवाईत तुझा अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारणारा बाबू. तुझ्यासाठी तो तापीवर आला होता, चपला काढून, डोक्यावर रुमाल टाकून उभा होता, आणि आठवड्याचं एक काम कमी झालं म्हणून त्याला हलकंही वाटत होतं. दोन्ही खरंच होतं. तू असतीस तर हसली असतीस. मी हसले नाही.

शकुआत्या, आपल्याकडे पोरी घाटावर जात नाहीत. मी गेले. कोणी अडवलं नाही, कारण मी गेले हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. तू म्हणायचीस ना, "ही खोलीत असली तर खोली रिकामीच वाटते." तुझी ती थट्टा त्या दिवशी कामाला आली.

आज बारावा दिवस आहे. उद्या लोक जेवायला येतील आणि तुझ्याबद्दल बोलतील. बत्तीस वर्षं शिकवलं, किती पोरं घडवली, वगैरे. ते सगळं त्यांच्याकडे राहू दे. मला तुझ्याशी पवनबद्दल बोलायचं आहे, कारण आपलं बोलणं अर्ध्यात राहिलं आणि ते मीच तोडलं होतं.

त्या दिवशी लीलाबाई आपल्या दारात आली तेव्हा तिच्या साडीवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. कापणीवरून सरळ आली होती. निंबोल्याच्या पुढं तुझ्या शाळेच्या गावातून. ती म्हणाली, "मॅडम, माह्या पोऱ्याले पोलीस घेऊन गेले. मोटारीची केबल चोरली म्हणतात." केळीच्या बागांतल्या पंपांची केबल कापायची, रान जाळतात तसं वरचं प्लास्टिक जाळायचं आणि आतलं तांबं विकायचं. दोन मोठी माणसं होती, पवन तिसरा. त्यानं केलं नाही असं लीलाबाई एकदाही म्हणाली नाही. ती एवढंच म्हणत राहिली, "लहान हाय तो. सतरा पन भरले नाही."

तू लगेच चप्पल घातलीस. तुला केवढी खात्री होती. रस्त्यात रिक्षात तू मला समजावत होतीस की अठराच्या आतल्या मुलाला हवालातीत ठेवताच येत नाही, त्याला वेगळ्या मंडळापुढं न्यावं लागतं, निरीक्षणगृहात ठेवावं लागतं. "वय सांगितलं की झालं," तू म्हणालीस. "पंधरा मिनिटांचं काम आहे."

ठाण्यात टीआय, म्हणजे ठाणेदार साहेबांनी तुला खुर्ची दिली. त्यांनी शांतपणे एक कागद तुझ्यापुढं सरकवला. पवनची आठवीची मार्कशीट. जन्मतारीख, जुलैची एक. खाली मुख्याध्यापक म्हणून तुझी सही. त्या हिशोबानं पवनला अठरा पूर्ण होऊन महिना उलटून गेला होता.

"मॅडम, आपने ही तो लिखा है," ते म्हणाले. "हम तो पढ़े-लिखे लोगों का लिखा मानते हैं."

तू चष्मा काढलास, पुसलास, परत लावलास. कागद मात्र परत वाचला नाहीस. मला तेव्हाच कळलं.

तुझ्या शाळेतली अर्धी पोरं जुलैच्या एक तारखेला जन्मलेली होती. घरी बाळंतपण झालेलं, नोंद कुठंच नाही, आईला सण आठवतो पण तारीख नाही. मग मास्तर लिहितात जुलैची एक. सगळीकडे तेच. तू तर त्या दिवशी शाळेत गूळ-शेंगदाणे वाटायचीस, "सगळ्यांचा वाढदिवस" म्हणून. लहानपणी मला ती गंमत वाटायची. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये प्रत्येकाची वेगळी तारीख होती आणि शेंगदाणे नव्हते.

पण पवनची तारीखच नाही, वर्षही तू मागं ढकललं होतंस. लीलाबाई कापणीला जायची तेव्हा त्याला बांधावर बसवून ठेवायची. एकदा त्याच्या शेजारीच साप निघाला. तू म्हणालीस, शाळेत बसू दे, सावली आहे, दुपारचं जेवण आहे. पहिलीला सहा पूर्ण लागत होते. त्याला पाच पण नव्हते. तू सहा लिहिलंस. ठाण्यातून परत येताना रिक्षात हे तू मला सांगितलंस, बाहेर बघत. "पोराला सावली दिली मी," म्हणालीस.

पवनला मोठ्यांच्या तुरुंगात पाठवलं. जामीन दोनदा नामंजूर झाला, टोळी आहे म्हणून.

मग तुझे मंगळवार सुरू झाले. मी फाइल धरायची, तू बोलायचीस. तुझा अर्ज प्रत्येक वेळी एकाच प्रश्नाचा असायचा: मुलाला पकडलं तेव्हा तो वय काय म्हणाला, ते कोणी ऐकलं, कोणी लिहिलं, त्या माणसाचं नाव सांगा. एवढंच. कोणाला शिक्षा करा असं तू लिहिलं नाहीस. सात आठवड्यांनी उत्तर आलं. एका ओळीचं. "जानकारी निरंक." तू तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून वाचलास आणि म्हणालीस, "मी पोरांना गणितात शून्य द्यायची तेव्हा निदान वरती गणित तरी असायचं."

एका मंगळवारी जनसुनवाई घेणारे साहेब माझ्याकडे वळले. तू कायद्याची इंग्लिश प्रत दिली होतीस, मीच प्रिंट काढून आणली होती, मीच त्यातल्या ओळीवर पिवळी रेघ मारली होती. साहेब चांगले होते. म्हणाले, "बेटी, तुम अंग्रेजी वाली हो, तुम पढ़ के बताओ." सगळे माझ्याकडे बघत होते. ओळ माझ्या डोळ्यांपुढं होती. मुलाला कोणत्याही परिस्थितीत हवालातीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. वाचायचीच होती, पाठ म्हणायची पण नव्हती. माझ्या घशातून आवाज आला नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढचा नंबर बोलावला.

मला वाटलं तू रागावशील. तू चौकात रिक्षा थांबवलीस आणि मावा जिलेबी घेतलीस. गरम, पाक हातावर ओघळतोय अशी. "खा," म्हणालीस. "त्या निमित्तानं तोंड तर उघडेल."

मी खाल्ली. आजही तिची चव आठवली की मला लाज वाटते आणि तू हवीशी वाटतेस, दोन्ही एकदम.

तुरुंगातली ती एक भेट मी कोणाला सांगितली नाही. तूही सांगितली नाहीस, म्हणजे बाबांना तर नाहीच. जाळीपलीकडे पवन आला तेव्हा लीलाबाईनं त्याला ओळखायला एक क्षण जास्त घेतला. केस काढलेले. एक कान सुजून बंद झालेला, त्यामुळे तो मान वाकडी करून ऐकत होता. "पडलो," तो म्हणाला, कोणी विचारायच्या आधीच. मागं शिपाई उभा होता. लीलाबाई त्याला डाळ मिळते का, पांघरूण आहे का, असलंच विचारत राहिली. वेळ संपत आली तेव्हा तो तुझ्याकडे वळला.

"मॅडम, आत मले वय विचारतात. मी सतरा म्हनलो का हसतात, मारतात. अठरा म्हनलो का लिहून घेतात. मी किती सांगू?"

तुझ्या वर्गात बसून तो विचारायचा तसंच विचारलं त्यानं. जणू उत्तर तुझ्याकडेच असणार. आणि होतंही.

"खरं सांग बेटा," तू म्हणालीस.

"पन खरं कोन्तं मॅडम?"

शिपायानं त्याला नेलं. बाहेर आल्यावर तू झाडाखाली बसलीस आणि तपासणीला काढलेली चप्पल परत घालायचं तुला आठवलंच नाही.

त्यानंतरच कोर्टात वयाचा अर्ज लागला. वकील तरुण होते, सरकारकडून मिळालेले, पण मन लावून करत होते. ते म्हणाले, ज्यांनी रजिस्टर लिहिलं त्यांनीच उभं राहून सांगितलं की तारीख अंदाजानं घातली, तर फरक पडेल. तू म्हणालीस, सांगते. तारीख मिळाली. एका शुक्रवारची.

आणि मग तो रविवार. तू सांगत होतीस, मी लॅपटॉपवर टाइप करत होते. तू म्हणालीस, "लिही. मैंने बालक की आयु जानबूझकर अधिक लिखी."

मी थांबले. म्हणाले, "जानबूझकर कशाला? अंदाजानं लिही. प्रथेप्रमाणे लिही."

"प्रथेनं जुलैची एक तारीख लिहिली. वर्ष मी लिहिलं."

"आत्या, त्यांना हेच पाहिजे आहे. ठाणेदार म्हणेल कागद तसा होता. मॅजिस्ट्रेट म्हणेल ठाण्यातून तसं आलं. जेलवाले म्हणतील वॉरंट तसं होतं. सगळे तुझ्यावर टाकून हात झटकतील. त्याचा कान कोणी फोडला, ते पण तुझ्याच नावावर जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? तुला मोठं व्हायचं आहे का यात?"

हे मी म्हणाले. जी पोरगी साहेबांपुढं एक ओळ वाचू शकली नाही, तिनं तुला हे ऐकवलं. घरात माझा आवाज नेहमीच बरा निघायचा.

तू रागावली नाहीस. बोटानं टेबलावरचा पाण्याचा थेंब पुसत म्हणालीस, "ऋचू, मी दर मंगळवारी जाऊन लोकांना विचारते, तुम्ही काय केलं ते सांगा. माझं मीच नाही सांगितलं, तर कोणत्या तोंडानं विचारू?"

"मग त्यांना सोडून दे. तूच जा आत." मी लॅपटॉप बंद केला. फाइल सेव्ह केली नाही. खोलीत गेले. सोमवारी तू माझ्या दाराशी चहा ठेवून गेलीस. मंगळवारी पहिल्यांदा तू जनसुनवाईला एकटी गेलीस. बुधवारी सकाळी तू गेलीस.

मला अजून वाटतं की मी बरोबर होते. हे मी तुझ्यापासून का लपवू? तू चूक होतीस असं मात्र मला सांगता येत नाही. बारा दिवस मी या दोन गोष्टी घेऊन फिरते आहे.

लीलाबाई तिसऱ्या दिवशी आली. आत बसली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली. बाबांनी बसा म्हटलं तरी नाही. ती रडली पण नाही. म्हणाली, "बडी मॅडम गेली. आता माह्या पोऱ्याचं वय कोन सांगीन?" आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तिच्या पायाला चिखल होता.

वकिलांना मी नुसता मेसेज केला. त्यांनी उलट फोन केला, म्हणून बोलावं लागलं. ते म्हणाले, मॅडम गेल्या तरी अर्ज आहेच, पण पुरावा कमी पडेल. त्या वेळचं त्यांच्या हातचं काही असेल, खरं वय लिहिलेलं, तर बघा. आणि ते अक्षर त्यांचंच आहे हे कोर्टात उभं राहून सांगणारं कोणी लागेल. रोज बघणारं, ओळखणारं.

मंगळवारी घरात सगळे झोपले होते दुपारी. तुझा रिकामा मंगळवार. तेव्हा मला त्या वह्या आठवल्या.

मी इंग्लिश शाळेत, म्हणून तू दर उन्हाळ्यात माझा हात धरून बसायचीस. "घरची पाटी वाचता येणार नाही या पोरीला," बाबांना ऐकवायचीस. आणि नवी वही देणं तुझ्या जिवावर यायचं. तुझ्या शाळेच्या सर्व्हेच्या जुन्या वह्या, ज्यात तू एप्रिल-मे महिन्यात घरोघरी फिरून पोरांची नावं लिहायचीस, त्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर तू मला गिरवायला लावायचीस. वर तुझी एक ओळ, खाली माझ्या चार. मी बारा वर्षांची झाले तरी माझं अक्षर कोंबडीचे पाय होते. तुझी प्रत्येक ओळ डावीकडून सुरू होऊन थोडी वर चढते. तुझा 'व' पोटात जरा जास्त भरलेला. हे मला डोळे मिटून सांगता येतं.

पलंगाखालच्या पेटीत तिसरी वही. मागं माझ्या गिरवलेल्या ओळी, पुढं तुझा सर्व्हे. पंधराव्या पानावर: "पवन. आई लीला, कापणीमजूर. जन्म दिवाळीच्या पाडव्याचा, आई सांगते. वय साडेचार." त्याच वर्षी जुलैत, दोन महिन्यांनी, त्याच हातानं तू रजिस्टरमध्ये सहा पूर्ण लिहिलंस. मी जमिनीवर बसून राहिले. खरं कोणतं, असं तो विचारत होता ना. तू दोन्ही लिहून ठेवलं होतंस, आणि पहिलं विसरून गेली होतीस.

कोर्टाच्या तारखेचा शुक्रवार तुझा दहावा होता. बाबा घाटावर जायच्या तयारीत होते. मी वही पिशवीत घातली तेव्हा त्यांनी पाहिलं.

"सुतकात कोर्टात जायचं?" ते म्हणाले.

मी पिशवीची चेन लावली.

"बेटा, गावात लोक तिला वाकून नमस्कार करतात. तू जाऊन भर कोर्टात सांगशील की तिनं खोटं लिहिलं? ती गेली आता. तिला राहू दे ना."

"बाबा, ती जाणारच होती सांगायला."

"ती होती. ती तिचं सांगत होती. तू तिचं सांगणार."

मी चप्पल घातली. ते धोतराचा काठ हातात धरून उभे होते. मग म्हणाले, "ऊन आहे. पाणी घेऊन जा." त्या दिवशी कावळा पिंडाला शिवला का, किती वेळ लागला, मला माहीत नाही.

कोर्टाची खोली मला वाटली होती त्यापेक्षा लहान होती. पवनला आणलं नव्हतं. भिंतीवरच्या पडद्यावर तो तुरुंगातून दिसत होता, एका स्टुलावर, मान वाकडी करून. आवाज तुटत होता. लीलाबाई सगळा वेळ पडद्याकडे बघत होती, जणू नजर काढली तर तो बंद होईल.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. वकिलांनी वही दाखवली, रजिस्टर दाखवलं. हे अक्षर कोणाचं? मी काहीतरी म्हणाले. जज मॅडम म्हणाल्या, "ज़ोर से बोलिए, रिकॉर्ड में नहीं आ रहा." मला जिलेबी आठवली, आत्या. खरंच. कोर्टात मला जिलेबी आठवली.

"मेरी बुआ का," मी म्हणाले. "दोनों मेरी बुआ के हाथ का है."

मग पोलिसांच्या बाजूचे सरकारी वकील उठले. वयस्कर होते, कंटाळलेले. त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि मला विचारलं, "यानी आपकी बुआजी ने सरकारी रजिस्टर में झूठ लिखा. यही कहने आई हैं आप?"

मागं बाकावर त्या ठाण्याचा एक शिपाई फाइल मांडीवर घेऊन बसला होता. तो पहिल्यांदाच वर बघत होता. मला कळलं की मी नुसतं हो म्हणाले तर सगळे आरामात घरी जातील, आणि नाही म्हणाले तर पवन तिथंच राहील. आपलं रविवारचं भांडण जसंच्या तसं माझ्यासमोर उभं होतं, आणि तू नव्हतीस.

पडद्यावर पवननं चांगला कान स्पीकरकडे केला.

मी म्हणाले, "जी. झूठ लिखा, जानबूझकर लिखा, और वो ख़ुद यहाँ आकर मानने वाली थीं. लेकिन उन्होंने सिर्फ़ काग़ज़ पर लिखा था, साहब. सामने खड़ा लड़का तो इन सबने देखा था."